गुंतवळाची बाहुली

सगुणा धनावडेने शिवलेला ब्लाऊज अंगावर असला की मागून बघूनसुद्धा बाया ओळखत, हा तळेकोंडचा. बगलेत चुणी नाही, गळा ओघळत नाही, आणि दोन बाळंतपणं झाली तरी उसवून सैल करता येईल एवढं कापड आत दुमडून ठेवलेलं. संगमेश्वरच्या बाजारात काचेच्या दुकानांत टेलर बसले, मोबाईलवर गळ्यांचे फोटो दाखवू लागले, तरी आसपासच्या चार वाड्यांतल्या बाया चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून सगुणाच्या पडवीतच यायच्या. आल्या की बोलणी खायच्या. उद्या लग्न आणि आज कापड आणता, मला काय चार हात हायत, इथून सुरुवात व्हायची. छातीचं माप घेता घेता सगुणा त्या बाईच्या नवऱ्याचं, सासूचं आणि धाकट्या जावेचंही माप काढून मोकळी व्हायची. तोंडाला फडकं बांधावं अशी बाई. पण कात्री हातात आली की त्या हाताला तोड नव्हती, आणि बाया बोलणी विसरतात, बिघडलेला ब्लाऊज विसरत नाहीत.

नवरा फणसावरून पडून गेला तेव्हा ती तिशीच्याही आत होती आणि निशिगंधा सहा वर्षांची. दिरांनी मुंबईला चल म्हटलं, ती गेली नाही. रोज एसटीने देवरूखला जाऊन शिवण शिकली आणि पडवीत मशीन मांडलं ते कायमचं. लेक त्या मशीनच्या पायाशी कातरणांत खेळत वाढली. दोघींना दोघीच. निशिगंधाचे केस म्हणजे काय सांगावं, कमरेच्या खाली येत. सकाळी आधी तिची वेणी, मग चुलीवर चहा. विंचरताना निघालेला गुंतवळ मात्र सगुणा कधी बाहेर टाकू द्यायची नाही. उकिरड्यावर बाईचे केस पडले तर कोणाच्या हाती लागतील, त्याचं काय करून ठेवतील, नेम नाही, असं तिला तिच्या आईने शिकवलं होतं आणि तिने ते लेकीला शिकवलं. गुंतवळाची गुंडाळी करायची आणि कोनाड्यातल्या पिशवीत कोंबायची. पुढे त्याचं गंगावन करू म्हणायची. पिशवी फुगत गेली, गंगावन कधी झालं नाही.

तर अशी ही बाई, करणीला भिणारी. देवीला विचारल्याशिवाय तिने कधी मोठं काम केलं नाही. विहीर कुठे खणायची, लेकीला कोणतं स्थळ बघायचं, सगळ्याचा कौल लावायचा. देवीच्या अंगावर तांदळाचे ओले दाणे लावायचे, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, उजवा दाणा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. शिकलेली माणसं हसतात याला. हसोत बापडी. ज्या बाईला विचारायला घरात दुसरं माणूसच नाही, तिने विचारायचं तरी कोणाला?

निशिगंधाचं लग्नही कौल लावूनच झालं. नदीपलीकडची उंबरवाडी, नवरा नितेश मुंबईला गाडीवर ड्रायव्हर, दोन महिन्यांतून एकदा येणारा. घरात सासू मैना, कमी बोलणारी, कामाला वाघीण. दोघी विहिणींचं बरं होतं. एकमेकींकडे फणस जात, कुळीथ येई. वेदिका झाली तेव्हा तिची पहिली बारा झबली सगुणाने शिवली आणि त्यातल्या एकावरही पुढच्या बाजूला शिवण येऊ दिली नाही, लेकराला टोचेल म्हणून.

आणि मग तीन वर्षांमागचा आषाढ आला. लावणीला हात कमी पडतो म्हणून निशिगंधा सव्वादोन वर्षांच्या वेदिकाला सासूकडे ठेवून चार दिवस माहेरी आली, आईच्या शेताच्या तुकड्यात गुडघाभर चिखलात राबली आणि तापाने पडली. लेप्टो. लावणीच्या चिखलातला ताप. दर साली एकदोघांना खाऊन जातो. रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात मशीनला लावली, पण चौथ्या दिवशी गेली. सव्वीस वर्षांची.

तेराव्याला उंबरवाडीत मैनाच्या घरापुढच्या खळ्यात माणसं जेवून हात धूत होती, तेव्हा सगुणा उठली आणि सगळ्यांच्या देखत मैनाकडे बोट करून बोलली की हिने माझी लेक खाल्ली. देवीने कौल दिला हाय, घरातल्याच माणसाने केलं. बस, एवढंच. पण एवढं पुरतं हो गावाला. मैनाने हातातलं पाण्याचं तांब्याचं भांडं खाली ठेवलं आणि विहिणीला दाराबाहेरची वाट दाखवली. तेव्हापासून सगुणाने नातीला हात लावला नव्हता. जत्रेत एकदा लांबून दिसली, नितेशच्या खांद्यावर, हातात फुगा. सगुणा पुढे झाली तसा तो गर्दीत शिरला.

मैनाचंही त्या दिवसापासून काही धड राहिलं नाही, हेही सांगायला हवं. बाया तिच्या हातचं हळदीकुंकू घ्यायला कां कूं करू लागल्या. शेजारणीने बाळंतिणीला तिच्या नजरेआड ठेवलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. तोंडावर बोलायला सगळ्या सगुणा थोड्याच होत्या.

यंदा चैत्रात सानिकाने बातमी आणली. सानिका म्हणजे सगुणाच्या शेजारघरची सून, उंबरवाडीच्या अंगणवाडीत सेविका, रोज स्कूटीवरून जाणारी. वेदिका तिच्याच अंगणवाडीत. तीन वर्षं सगुणा या सानिकाच्या तोंडून नातीला वाढवत होती. बोबडं बोलणं गेलं, पावसाची कविता म्हणते, कारलं खात नाही. त्या दिवशी सानिकाने सांगितलं की नितेशचं दुसरं लग्न ठरलं, वैशाखात आहे. जूनपासून पोरीला मुंबईकडे, दिव्याला नेणार, तिथल्याच शाळेत घालणार. वाढदिवसाला नितेश येतोय, पाचवा आहे ना. मग हसत हसत म्हणाली की वेदिका अंगणवाडीत लाटण्याला टॉवेल गुंडाळते, मांडीवर घेते आणि त्याच्या डोक्यावर हात फिरवत बसते, जेवायलासुद्धा खाली ठेवत नाही.

सगुणाच्या पायाखालचं मशीन थांबलं. जूनपासून दिवा. तिकडे नवी आई, नवं घर. पाच वर्षांचं पोर, दोन पावसाळ्यांत तळेकोंड नावाचं गाव असतं हेही विसरेल. निशिगंधाचा एवढा एकच तुकडा जगात उरला होता आणि तो आपल्याला ओळखतही नाही, हे सगुणाला इतकं लागलं की तिने पदराने तोंड दाबलं. मग डोळे पुसून ती म्हणाली की मी तिला बाहुली शिवून देते, तू नेऊन दे. एवढी एक वस्तू तिच्याबरोबर मुंबईला जाऊ दे.

सानिका घाबरली. मैनाकाकू मला अंगणवाडीत येऊन झोडतील म्हणाली. शेवटी तोड निघाली ती अशी, की बाहुली सानिकाने द्यायची, पण कोणाकडून ते सांगायचं नाही. वाढदिवसाच्या दिवशी पोरीच्या दप्तरात ठेवून द्यायची. सगुणाने ते मान्य केलं. नाव नको मला, म्हणाली, पोरीच्या हातात पडली म्हणजे झालं. इथे तिचं पहिलं चुकलं. देणारा माहीत नाही अशी वस्तू आपल्या गावांत कोणी घरात घेत नाही, मग तो नारळ असो की फूल. आणि हे तिला कोणी शिकवायला हवं होतं? तीच दुसऱ्यांना शिकवत आली होती.

बाहुली शिवायला तिने आठ दिवस घेतले. हातावरचे ब्लाऊज बाजूला पडले, बाया कुरकुरल्या, तिने ऐकलं नाही. अंगाला स्वतःच्या जुन्या सुती लुगड्याचं मऊ कापड घेतलं, चहाच्या पाण्यात बुडवून गव्हाळ केलं. बांधावरच्या सावरीची बोंडं चैत्रात फुटतातच, तो कापूस वेचून आणला, बिया निवडल्या आणि उन्हात दोन दिवस फुलवला. मशीन लावलंच नाही, सगळी हातशिलाई. लहान टाके, उलट टीप, जिथे पोर ओढणार तिथे दुहेरी. परकर पोलका कातरणांतून निघाला. डोळे काळ्या दोऱ्याने भरले, कारण मणी लावले तर पोर उपटून गिळेल. तोंड जमेना. हसरं केलं तर बाजारातल्यासारखं दिसे, सरळ केलं तर रुसल्यासारखं. तीनदा उसवलं. चौथ्यांदा जे झालं ते थोडं निशिगंधासारखं झालं आणि मग तिने ते तसंच ठेवलं.

राहिले केस. काळी लोकर घरात होती. सगुणाने ती लावूनही पाहिली, उठून दिसेना. मग तिची नजर कोनाड्याकडे गेली. आता तुम्ही म्हणाल, एवढी करणीला भिणारी बाई आणि बाहुलीला माणसाचे केस लावते? अहो, पण ते तिला माणसाचे केस वाटलेच नाहीत. ते तिच्या लेकीचे होते. पोरगी बाहुलीच्या डोक्यावर हात फिरवेल तो आईच्या केसांवरून फिरेल, एवढंच तिच्या मनात आलं. तिने गुंतवळ सोडवला, शिकेकाईच्या पाण्याने धुतला, बटा लावल्या, एकेक बट डोक्यावर शिवत गेली आणि शेवटी वेणी घातली.

वेणी घालताना तिला ते दोन दिवस आठवले. आठवले म्हणजे काय, ते कधी गेलेच नव्हते. ती ते कोणापाशी बोलली नव्हती, एवढंच.

लोकांना माहीत होतं ते असं, की निशिगंधाला सकाळी ताप भरला आणि त्याच सकाळी सगुणाने तिला रिक्षात घालून नेलं. कौल लावला तो मागाहून, मरणानंतर. खरं होतं ते वेगळं. ताप दोन दिवस आधी भरला होता. पहिल्या दिवशी सगुणाने मीठमिरची ओवाळून दृष्ट काढली. पोटऱ्या आवळून येतात, डोळे लाल झालेत, म्हणून निशिगंधा कण्हत होती. आये, दवाखान्यात जाऊया गो, असं ती दोनदा म्हणाली. सगुणा उद्या बघू म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी गुरवाकडे गेली. बाहेरचं हाय का? उजवा. घरातल्या माणसाने केलं का? उजवा. ती अंगारा घेऊन आली, लेकीच्या कपाळाला लावला, पाण्यातून पाजला. तिसऱ्या सकाळी लघवी बंद झाली तेव्हा रिक्षा बोलावली.

रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ताप कधीपासून आहे? सगुणाला वाटलं आता ही आपल्याला सगळ्यांदेखत ओरडणार. ती म्हणाली, आज सकाळपासून. स्ट्रेचरवरून निशिगंधाने आईकडे पाहिलं. डोळे पिवळे झाले होते. तिला बोलता येत होतं, पण ती काही बोलली नाही. आईचं खोटं तिने झाकलं आणि ते घेऊनच गेली.

मग तेराव्याच्या दिवशी सगुणाने मैनाकडे बोट का केलं ते वेगळं सांगायला नको. ते बोट कुठेतरी वळवायलाच हवं होतं, नाहीतर ते तिच्याच छातीवर आलं असतं. आणि तीन वर्षं तिने स्वतःला बजावलं की कौल आला होता ना, उजवा आला होता. दिवसा ते पटायचं. मशीन थांबलं की पटायचं नाही.

वाढदिवसाच्या सकाळी पाठीची फट तेवढी शिवायची राहिली होती. सानिकाने दारातून स्कूटीचा हॉर्न वाजवला, उशीर झाला म्हणाली, त्यातच एक बाई कापड घेऊन पाखाडी उतरली. शिवणाऱ्या बाईला सवय असते, उठायचं झालं की सुई जवळ जे मऊ असेल त्यात खुपसायची. सगुणाने ती बाहुलीच्या पोटात खुपसली, त्या बाईला दोन शब्द सुनावून वाटेला लावली, आणि परत येऊन बघते तर सुई दिसेना. सावरीचा कापूस तो, काय आत जाईल कळत नाही. तिला वाटलं जमिनीवर पडली. सारवणात चाचपलं, लोहचुंबक फिरवलं. सुई सापडल्याशिवाय कापड हातावेगळं करायचं नाही हा तिचा स्वतःचा नियम, शिकायला येणाऱ्या पोरींना ती त्यावरून रडवायची. पण सानिका हॉर्न वाजवत होती. सगुणाने दुसरी सुई घेतली, फट शिवली, दोरा दाताने तोडला आणि बाहुलीच्या कपाळाचा मुका घेऊन ती सानिकाच्या पिशवीत ठेवली.

दुपारी सानिकाचा फोन आला तो रडतच. वेदिका दप्तर घेऊन घरी गेली. बाहुली तिने सोडलीच नाही, काखेत घेऊन गेली. मैनाने विचारलं कोणी दिली, तर पोर म्हणाली, दप्तरात होती. मैनाने केस बघितले. खरे केस. बाहुली दाबून पाहिली तर सुई बोटात आरपार घुसली. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवशी अमावास्या होती. पोरगी पाचाची होत होती म्हणून सगुणाने आठ दिवस तारीखच मोजली, तिथी बघितलीच नाही. सगळी वाडी गोळा झाली, आणि सानिकाने भिऊन नाव सांगून टाकलं. तुम्हांला देवळात बोलावलंय म्हणाली. आत्ता.

सगुणा उंबरवाडीत पोचली तेव्हा वाघजाईच्या देवळात पन्नासएक माणसं बसली होती. मधोमध सुपात बाहुली. तिला कोणी हात लावत नव्हतं, चिमट्याने उचलून आणली होती. एका बाजूला मैना, बोटाला चिंधी बांधलेली. तिच्याजवळ नितेश, मुंबईहून सकाळीच आलेला, अंगावर नवा शर्ट. त्याच्या मांडीला टेकून वेदिका. तीन वर्षांनी एवढ्या जवळून. नाक निशिगंधाचं, कपाळ नितेशचं, आणि नजर सुपातल्या बाहुलीवर खिळलेली. तिला ती हवी होती, आणि मोठी माणसं का देत नाहीत ते तिला कळत नव्हतं.

गावकर महिपत, देवळाचा मुख्य मानकरी, म्हातारा होता, पण बोलायला सरळ. त्याने विचारलं, ही तुमी शिवली काय? सगुणाने होय म्हटलं. कुजबुज झाली. तिने केसांचं सांगितलं, सुईचं सांगितलं, नाव का लपवलं तेही सांगितलं. कोणाच्या तोंडावरची घडी हलली नाही. करणी करणारा दुसरं काय सांगणार? तेव्हा तिने कात्री मागितली.

आपल्या हातचे टाके उसवायला तिला वेळ लागत नसे. त्या दिवशी लागला. पाठ उसवली, मान उसवली, सावरीचा कापूस बाहेर काढून सुपात ठेवत गेली. वाऱ्याने तो देऊळभर उडाला, माणसं अंग चोरून मागे सरकली. लिंबू निघालं नाही, बिबा निघाला नाही, अंगारा निघाला नाही. कापूस आणि कापड. वेदिका हमसून हमसून रडायला लागली आणि बापाच्या शर्टात तोंड खुपसून बसली. सगुणाने रिकामं कापड उलटं करून महिपतला दाखवलं. मग तिला कोणी सांगायच्या आधी ती उठली आणि तिने देवीसमोरच्या खांबाला उजवा हात लावला. या खांबाला हात लावून उंबरवाडीत आजवर कोणी खोटं बोललं नव्हतं, किंवा बोललं असेल तर त्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना पाठ होतं.

"पोरीसाठी शिवली," ती म्हणाली. "तिचं वाईट यावं असं माझ्या मनात आलं असेल तर वाघजाई मला उभी जाळू दे."

महिपतने मान हलवली. बाया सैलावल्या. कोणीतरी म्हणालं की आजीच ती, ती कशाला करील. आणि नितेश, जो आल्यापासून सासूकडे बघत नव्हता, त्याने खाली बघतच सांगितलं की मामी, संध्याकाळी केक कापायचा आहे, थांबा तुम्ही. झालं गेलं राहू दे.

तीन वर्षं सगुणाने हे वाक्य मनात ऐकलं होतं. संध्याकाळी केक. पोरगी जवळ येईल, हातावर केकचा तुकडा ठेवील, आजी म्हणेल. उद्या तिला दुसरी बाहुली शिवू, लोकरीच्या केसांची. तिचा हात खांबावरून सुटायला लागला.

"हात तसाच ठेवा," मैना बोलली.

ती उठून उभी राहिली होती. आवाज चढला नव्हता. तुमच्यावर एक दुपार आळ आला, म्हणाली, तर तुमी कात्री मागितली. माझ्यावर तीन वर्षं हाय. माझ्या हातचं कुंकू कोणी लावून घेत नाय. ही नात मला विचारते, आजी, तू चेटकीण हायस काय, कोणीतरी पोरांत बोललं असणार. माझ्याकडे उसवून दाखवायला काय नाय. तवा तुमी सांगा. देवीसमोर उभ्या हायत तशाच सांगा, तुमच्या लेकीला मी काय केलं?

सगुणाला सुटायला वाट होती. कौल आला होता, मी काय करू, एवढं म्हटलं असतं तर महिपतने मान डोलावली असती आणि विषय देवीवर गेला असता. नाही माहीत मला, एवढं म्हटलं तरी चाललं असतं. तिने तोंड उघडलंही. हात खांबावर होता आणि समोर देवीचे डोळे. ती आयुष्यभर ज्याला त्याला तोंडावर बोलत आली होती, आणि तिला स्वतःचं एक वाक्य बोलता येईना. वेदिका रडायची थांबली होती आणि तिच्याकडे बघत होती.

"काय नाय केलं," सगुणा म्हणाली. "विहीणबाईंनी काय नाय केलं. ताप दोन दिवस होता. मी नेली नाय. कौल लावत बसले. ती सांगत होती दवाखान्यात जाऊया म्हणून."

पहिल्यांदा कोणालाच नीट कळलं नाही. मग नितेशला कळलं. तो हळूहळू उभा राहिला. त्याने विचारलं की मी मुंबईहून फोन केला होता, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? आज सकाळपासून, असं सांगितलंत ना? डॉक्टरांनाही तेच?

"होय," सगुणा म्हणाली.

तो डॉक्टरीणबाईंच्या पाया पडला होता तेव्हा. काहीतरी करा म्हणून. त्या म्हणाल्या होत्या की एवढ्या झटपट असं होत नाही सहसा, थोडं आधी आली असती तर बघता आलं असतं. आधी कशी येणार, असं त्यानेच त्यांना सांगितलं होतं, सकाळीच तर ताप आला. हे सगळं त्याच्या तोंडावरून सरकत गेलेलं सगुणाला दिसलं. तो मारील असं तिला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने हातही उचलला नाही.

मैना बसली. सुटली ती, पण सुटल्याचं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. बांधलेलं बोट दुसऱ्या हाताने धरून ती जमिनीकडे बघत राहिली आणि मग कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "माझ्या घरात असती तर पयल्याच दिवशी नेली असती मी."

गाऱ्हाणं घालायला काही उरलंच नव्हतं. माणसं एकेक करून उठू लागली. बाया मैनाजवळ जाऊन बसल्या, एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. सगुणाच्या बाजूला कोणी गेलं नाही आणि तिलाही ते चुकीचं वाटलं नाही.

नितेशने वेदिकाला उचललं. कडेवर घेतलं, तिच्या पायांतल्या चपला नीट केल्या, आणि सगुणाच्या अंगावरून जावं तसा तिच्या समोरून दाराकडे गेला. पोरीचं तोंड त्याच्या खांद्यावरून मागे होतं. ती खांबापाशी उभ्या असलेल्या बाईकडे टक लावून बघत होती. पायरी उतरताना तिने बापाच्या कानाशी तोंड नेलं, पण पाच वर्षांच्या पोरीचं कुजबुजणं ते, सगळ्या देवळाला ऐकू गेलं. बाबा, ती कोण हाय, असं तिने विचारलं.

"कोणी नाय," नितेश म्हणाला, आणि पायऱ्या उतरला.